‘घुमा आहे’ की ‘घुमा झाला आहे’? मनाचे शब्द आणि आशाताईंचे दोन प्रश्न

घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंकडे एक तपासणी अर्ज असतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक व्यक्तीसाठी तो भरायचा असतो. तंबाखू खाता का, दारू घेता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला मधुमेह किंवा रक्तदाब आहे का, असे प्रश्न त्यात असतात. मनाविषयीचे प्रश्न मात्र दोनच आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद कमी वाटला का, हा पहिला. मन उदास, खचलेले किंवा निराश वाटले का, हा दुसरा.

हे प्रश्न छोटे आहेत, पण नैराश्याचा आजार ओळखण्याची पहिली चाळणी तेच आहेत. आता हेच प्रश्न नंदुरबार जिल्ह्यातल्या एखाद्या पाड्यावर विचारले जातात, असे समजा. घरात बोलली जाते भिली, पावरी, मावची किंवा अहिराणी. अर्जाची भाषा कागदी. ‘तुम्हाला निराश वाटते का?’ या प्रश्नावर समोरचा माणूस मान हलवतो, ‘नाही’ म्हणतो आणि अर्ज पुढे सरकतो. घरचे लोक वरून सांगतात, ‘तो पहिल्यापासून असाच आहे, घुमा.’

माणसाच्या मनाबद्दल आपण कोणता शब्द वापरतो, याने काय फरक पडतो? बराच पडतो. कसा, ते पाहू.

आकडे काय सांगतात?

बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण नंदुरबारला लागून असलेली गुजरात आणि मध्य प्रदेश ही दोन्ही राज्ये होती. नैराश्याचा आजार असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत, असे या सर्वेक्षणात दिसले. म्हणजे १०० पैकी ८५ जण उपचारांविनाच दिवस काढतात.

याला डॉक्टरांची कमतरता, दवाखान्याचे अंतर, खर्च आणि लोकलज्जा अशी अनेक कारणे आहेत. पण त्याआधीची एक पायरी अनेकदा नजरेतून सुटते. हा आजार आहे, हे रुग्णाच्या किंवा घरच्यांच्या लक्षातच येत नाही. कारण आजारासाठी आपण स्वभावाचा शब्द वापरून मोकळे झालेले असतो.

मराठीत मनाचे शब्द किती प्रकारचे?

मराठीत शांत, विचारी, उदास किंवा लहरी माणसासाठी शब्दांची कमी नाही. पण हे शब्द एका जातीचे नाहीत. सोयीसाठी त्यांची तीन खाती करता येतात.

पहिले खाते स्वभावाचे. घुमा, अबोल, मितभाषी, एकलकोंडा, अंतर्मुख, हळवा, भिडस्त, मनस्वी, लहरी, तऱ्हेवाईक, तिरसट, तुसडा, माणूसघाणा, चिंतनशील हे शब्द माणूस वर्षानुवर्षे कसा आहे ते सांगतात.

दुसरे खाते मनःस्थितीचे. खट्टू, हिरमुसलेला, उदास, खिन्न, विषण्ण, उद्विग्न, कातर, बेचैन, सैरभैर, सुन्न हे शब्द माणूस आत्ता कसा आहे ते सांगतात. तासाभराने, फार तर काही दिवसांनी चित्र बदलू शकते.

तिसरे खाते आजाराचे. यात मराठीकडे घरगुती शब्द फार कमी आहेत. नैराश्य, औदासीन्य हे पुस्तकी. डिप्रेशन हा इंग्रजीतून आलेला. ‘डोक्यावर परिणाम झाला’ हा तर अपमान करणारा.

अडचण इथेच आहे. तिसऱ्या खात्यात शब्द नसल्याने आपण पहिल्या खात्यातला शब्द उचलतो. आजारी माणूस ‘घुमा’ ठरतो. आणि उलट बाजूने, आजकाल मोबाइलवर जरा खिन्न स्टेटस दिसले की ‘डिप्रेशनमध्ये आहेस का?’ असे विचारले जाते. तिथे दुसऱ्या खात्यातल्या गोष्टीला तिसऱ्याचा शब्द लागतो.

स्वभावाचे शब्द नेमके काय सांगतात?

‘अबोल’ आणि ‘अबोला’ ही जोडी पाहा. अबोल हा स्वभाव. अबोला हा प्रसंग, म्हणजे भांडणानंतर धरलेला. एका कान्याने अर्थ बदलतो. अबोल माणसाला कुणाचा राग आलेला नसतो, त्याला कमी बोलणे बरे वाटते एवढेच.

‘घुमा’ या शब्दात मात्र थोडा संशय आहे. हा आतल्या आत काहीतरी ठेवतो, मनाचा थांग लागू देत नाही, अशी तक्रार त्यात दडलेली असते. ‘एकलकोंडा’ म्हणजे एकटे राहणे पसंत करणारा. ‘माणूसघाणा’ म्हणजे ज्याला माणसे नकोशी होतात तो. दोघेही एकटे दिसतात, पण कारण वेगळे आहे.

‘भिडस्त’ माणूस गप्प असतो तो संकोचामुळे. समोरच्याला नाही म्हणणे त्याला जड जाते. ‘मनस्वी’ हा शब्द संस्कृतात थोर मनाच्या माणसासाठी होता. मराठीत तो स्वतःच्या मनाप्रमाणे, तीव्रतेने जगणाऱ्यासाठी वापरतात. कलावंताला मनस्वी म्हणणे हे कौतुक आहे. तेच घरातल्या मुलाने केले की तो ‘लहरी’ किंवा ‘मूडी’ होतो. लहर म्हणजे लाट. लहरी माणसाचे मन लाटेसारखे वरखाली होते, पण होते ते त्याच्या नेहमीच्या तऱ्हेने.

‘हळवा’ हा शब्द शेतकऱ्यालाही माहीत असतो. हळवे भात म्हणजे लवकर तयार होणारे, गरवे म्हणजे उशिरा. माणसातला हळवा म्हणजे ज्याच्या डोळ्यांत लवकर पाणी येते तो. हळवे असणे हा दोष नाही, तसा हळव्या भातातही दोष नसतो.

‘अंतर्मुख’ हा शब्द आज व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्यांमुळे घरोघरी पोहोचला आहे. त्यामागची आधुनिक मांडणी कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२१ च्या ग्रंथात केली. काहींचे मन बाहेरच्या जगाकडे धावते, काहींचे आत वळते, असे त्याचे म्हणणे होते. हे दोन्ही निरोगी माणसांचे प्रकार आहेत. अंतर्मुखता हा आजार नाही आणि तिला औषधही लागत नाही.

उदास, खिन्न, विषण्ण यांत फरक काय?

खट्टू होणे किंवा हिरमुसणे हे लहान अपेक्षाभंगाचे शब्द. जत्रेत खेळणे मिळाले नाही की मूल हिरमुसते. ‘खिन्न’ त्याहून खोल. ‘विषण्ण’ आणखी खोल. या शब्दाच्या मुळाशी खाली बसणे, बुडणे असा अर्थ असलेला संस्कृत धातू आहे. ‘विषाद’ही त्याच मुळाचा. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग आहे. तिथला अर्जुन हात गळून रथात खाली बसतो.

इंग्रजीतला ‘डिप्रेशन’ही खाली दाबले जाण्यावरूनच आला. आपण बोलताना म्हणतो, ‘तो खचला.’ भिंत खचते, रस्ता खचतो, तसे मन खचते. वेगवेगळ्या भाषांनी या अवस्थेला खाली जाण्याचेच रूप दिले आहे.

‘उद्विग्न’ मात्र या रांगेत बसत नाही. त्यात अस्वस्थता आहे, खळबळ आहे. खिन्न माणूस शांत बसेल, उद्विग्न माणूस येरझारा घालेल. ‘हुरहूर’ म्हणजे काहीतरी होईल किंवा काहीतरी हरवले आहे अशी नाव नसलेली बेचैनी. ‘कातर’ तिच्याच जवळचा, म्हणून दिवेलागणीच्या वेळेला कातरवेळ म्हणतात.

‘उदास’ आणि ‘उदासीन’ यांची गल्लत तर रोजची. उदासीन म्हणजे बाजूला बसलेला, तटस्थ. संतांच्या लेखनात ‘उदास’ हा शब्दही विरक्त, आसक्ती नसलेला अशा अर्थाने येतो. तिथे तो गुण आहे. आजच्या बोलण्यात उदास म्हणजे दुःखी. एकाच शब्दाने काही शतकांत हा प्रवास केला.

मग ‘नैराश्य’ हा शब्द कमी का पडतो?

‘नैराश्य’ म्हणजे आशा नसणे. बोलीत निराश होणे याचा अर्थ होतो अपेक्षाभंग. भाव पडला, शेतकरी निराश. निकाल लागला, विद्यार्थी निराश. त्यामुळे आजारी माणसाला ‘निराश वाटते का?’ विचारले की तो मनात हिशेब करतो. घर आहे, शेत आहे, मुले बरी आहेत, मग निराशा कसली? तो ‘नाही’ म्हणतो आणि खोटेही बोलत नाही.

त्याला जे होत असते ते त्याच्या भाषेत वेगळ्या शब्दांत येते. ‘करमत नाही.’ ‘जीव लागत नाही.’ ‘काही गोड लागत नाही.’ ‘अंगात त्राण नाही.’ ‘डोकं जड राहतं.’ ‘झोप उडाली.’ ‘छातीत धडधडतं.’ ‘फार विचार येतात.’ आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा, आता पूर्ण मराठी झालेला शब्द म्हणजे ‘टेन्शन’.

यातला ‘करमत नाही’ हा शब्द तर सोन्यासारखा आहे. रस नसणे, मन न रमणे, वेळ न जाणे, सोबत हवीशी वाटणे हे सगळे त्यात एकदम येते. आशाताईंच्या अर्जातला पहिला प्रश्न नेमका हेच विचारतो, फक्त कागदी भाषेत.

तक्रार शरीराची असली, तरी तिला ‘नाटक’ समजू नये. नैराश्याच्या आजारात झोप, भूक, ताकद आणि वेदना यांवर खरोखर परिणाम होतो. जगभर, विशेषतः प्राथमिक आरोग्य केंद्रांत, असे रुग्ण आधी अंगदुखी आणि थकव्याची तक्रार घेऊनच येतात.

आफ्रिकेतील झिम्बाब्वेमध्ये शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ फार विचार करणे. तिथले लोक मनाच्या त्रासाला हेच नाव देतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदान-पुस्तिकेत या शब्दाची स्वतंत्र नोंद आहे. आपल्याकडचे ‘तो फार विचार करतो’ हे वाक्य त्याचे सख्खे भावंड म्हणावे असे आहे.

नंदुरबारमध्ये पेच जास्त का?

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६.४८ लाख आहे. त्यात अनुसूचित जमातींचा वाटा सुमारे ६९ टक्के. सातपुड्यातल्या धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत, तसेच तळोदा, शहादा, नवापूर, नंदुरबार या तालुक्यांत मिळून भिली, पावरी, मावची, अहिराणी, गुजरी, गुजराती अशा भाषा कानावर पडतात.

या बोली म्हणजे चुकीची मराठी नव्हेत. ग्रियर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाच्या १९०७ च्या खंडात भिल्ल भाषा आणि खानदेशी यांची स्वतंत्र नोंद झाली. २०११ च्या जनगणनेत देशभरात भिली-भिलोडी सांगणारे एक कोटीहून अधिक आणि खानदेशी सांगणारे सुमारे १८.६ लाख लोक होते. इतक्या लोकांचे रडणे, रुसणे, आठवण काढणे त्या भाषांत होते. मनाचा त्रासही त्याच भाषांत सांगितला जाणार.

खानदेशच्या बोलीत मनावर किती नेमके बोलता येते, याचा पुरावा जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या कविता १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर पुस्तकरूपात आल्या. उभ्या पिकात पुन्हा पुन्हा शिरणाऱ्या ढोरासारखे मन, ही त्यांची उपमा शेतात राबणाऱ्या कुणालाही समजावून सांगावी लागत नाही. नको तो विचार हाकलला तरी परत येतो, हे त्यात आले.

दुसरा पेच स्थलांतराचा. पावसाळा संपला, दिवाळी झाली की सातपुड्याच्या पाड्यांवरून अनेक कुटुंबे ऊसतोडीला, बांधकामाला गुजरातकडे जातात. होळीला परततात. काही महिने परक्या भाषेत, परक्या गावी राहिलेला माणूस घरी येऊन गप्प बसला, तर तो थकवा आहे, घरची ओढ होती की त्याहून जास्त काही, हे ओळखायला त्याला ओळखणारे माणूस लागते. अर्ज भरणाऱ्या आशाताई गावातल्याच असतात. म्हणून त्यांचे काम मोलाचे.

दोन प्रश्न बोलीत कसे विचारायचे?

सोपा नियम असा की भावनेचे नाव विचारू नये, बदल विचारावा. आणि बदल रोजच्या कामातून विचारावा.

रस कमी झाला का, याऐवजी: ‘बाजाराच्या दिवशी तुम्ही हमखास जायचात. आता जाता का?’ ‘यंदा होळीला ढोल वाजला तेव्हा गेला होता का? का नाही गेलात?’ काठीच्या होळीला रात्रभर नाचणारा तरुण यंदा घरातच बसून राहिला, तर ‘आनंद कमी वाटतो का’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

उदास वाटते का, याऐवजी: ‘करमतं का?’ ‘जीव लागतो का कामात?’ ‘पहाटे लवकर जाग येऊन पडून राहता का?’ ‘रडू येतं का, कारण नसताना?’ अहिराणी घरात ‘तुले काय व्हयनं?’ या एका प्रश्नाने ‘करमत नही’ हे उत्तर येऊ शकते. भिली, पावरी किंवा मावची घरात त्या भाषेतला शब्द त्या भाषेच्या माणसाकडूनच घ्यावा. पुण्या-मुंबईत बसून केलेले भाषांतर तिथे चालत नाही.

मग प्रश्न येतो दिवसांचा. ‘किती दिवस?’ ‘कधीमधी, की जवळजवळ रोज?’ अर्जातल्या गुणांची मोजणी याच उत्तरावर होते. गुण ठरावीक मर्यादेच्या वर गेले, तर पुढे समुदाय आरोग्य अधिकारी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी तपासतात. दोन प्रश्नांवरून निदान होत नाही. चाळणी लागते ती पुढे कुणाला पाठवायचे हे ठरवण्यासाठी.

‘आहे’ आणि ‘झाला आहे’

मराठीने एक सोय क्रियापदातच करून ठेवली आहे. ‘तो घुमा आहे’ हे वर्णन. ‘तो घुमा झाला आहे’ ही बातमी. ‘ती तिरसट आहे’ आणि ‘ती अलीकडे तिरसट झाली आहे’ यांत तोच फरक. पहिल्या वाक्यात स्वभाव आहे, दुसऱ्यात बदल. अहिराणीतल्या ‘काय व्हयनं?’ या प्रश्नातही होण्याचेच क्रियापद आहे. बोलीला बदलाचे महत्त्व ठाऊक आहे.

डॉक्टर निदान करताना हेच पाहतात. जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ, किमान दोन आठवडे उदासी किंवा रस नसणे. जोडीला झोप, भूक, ताकद, एकाग्रता यांतला बदल. स्वतःला निरुपयोगी किंवा दोषी समजणे. मरणाचे विचार. आणि या सगळ्यामुळे काम, घर, शिक्षण यांवर झालेला परिणाम.

म्हणजे आयुष्यभर अबोल असलेले आजोबा नातवंडांत रमतात, वेळेवर जेवतात, शेतावर चक्कर मारतात, तर त्यांना काही झालेले नाही. पण गावभर गप्पा मारणारा भाऊ महिनाभर कोपऱ्यात बसला असेल, तर ‘असाच आहे’ हे वाक्य खोटे आहे. आणि घुम्या माणसालाही नैराश्य होऊ शकते. तो आधीपासून गप्प असल्याने ते उशिरा कळते, म्हणून तिथे झोप, जेवण आणि काम यांकडे पाहावे.

पुरुषांमध्ये हा बदल अनेकदा उदासीच्या रूपात येतच नाही. चिडचिड, भांडण, दारू वाढणे या रूपात येतो. घरात ‘फार तिरसट झालाय’ असे म्हटले जाते तेव्हा आत काय चालले आहे, हे विचारायला हवे. बाळंतिणीच्या बाबतीत पहिल्या काही दिवसांत रडू येणे, मन हळवे होणे हे बऱ्याच जणींना होते आणि आपोआप ओसरते. दोन आठवड्यांनंतरही ते राहिले, बाळातही जीव लागेना, तर दवाखाना गाठावा.

शाळेतले ‘घुमे’ मूल

नंदुरबार आणि तळोदा प्रकल्पांतल्या आश्रमशाळांत लहान वयात घर सोडून आलेली मुले राहतात. घरी भिली किंवा पावरी, वर्गात मराठी. अशा मुलाने वर्गात तोंड उघडले नाही की ‘घुमा’ किंवा ‘मंद’ असा शिक्का बसायला वेळ लागत नाही.

शिक्षकाला एक साधी पडताळणी करता येते. मधल्या सुट्टीत हे मूल आपल्या भाषेच्या मित्रांशी बोलते का? हसते, खेळते, भांडते का? तसे असेल तर मूल घुमे नाही. त्याला वर्गाची भाषा अजून आपली वाटलेली नाही. इलाज भाषेचा करायचा. पण मूल सुट्टीतही एकटे बसत असेल, ताट तसेच ठेवत असेल, रात्री रडत असेल, अंथरूण ओले करू लागले असेल, तर त्याला घरची आठवण किंवा दुसरा काही त्रास आहे. त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारे मोठे माणूस शोधायला हवे.

शब्द बदलून खरेच फरक पडतो?

महाराष्ट्रातच दोन उदाहरणे आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प राबवला गेला. या इंग्रजी लघुनामाचा विस्तार विदर्भ, ताण आणि आरोग्य अशा शब्दांचा आहे. नावात कुठेही वेड नाही, मनोरुग्ण नाही. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलणे, समुपदेशन करणे आणि गरज पडल्यास डॉक्टरांकडे पाठवणे अशी पद्धत होती. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक उपचार घेत होते. १८ महिन्यांनी केलेल्या पाहणीत हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हा बदल एकट्या शब्दांमुळे झाला नाही. पण गावच्या माणसाने गावच्या भाषेत केलेली विचारपूस हा त्याचा पाया होता.

दुसरे उदाहरण नंदुरबारच्या जवळचे. नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत ‘आत्मीयता’ हा प्रकल्प झाला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने तो उभा केला. गावातलेच स्वयंसेवक निवडले गेले. त्यांच्या हातात स्मार्टफोनवर छोट्या फिल्म्स होत्या. घरची भांडणे, दारू, बेरोजगारी अशा ओळखीच्या गोष्टींपासून बोलणे सुरू व्हायचे. आजाराचे नाव त्यानंतर.

झिम्बाब्वेत तर आज्यांना प्रशिक्षण देऊन दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवले गेले. बाकावर येणाऱ्याला त्या ‘कुफुंगिसिसा’बद्दलच विचारतात, डिप्रेशनबद्दल नाही.

घरच्यांनी काय बोलावे, काय टाळावे?

‘नाटकं करू नकोस’, ‘आळशी झालास’, ‘आमच्या वेळी असं नव्हतं’, ‘मन घट्ट कर’ ही वाक्ये माणसाला आणखी गप्प करतात. ‘डोक्यावर परिणाम झालाय’ हे गमतीतही नको.

‘बाहेरचं झालंय’ असे म्हणून अनेक घरांत आधी भगताकडे जातात. तिथे माणसाचे ऐकून घेतले जाते, हे खरे. पण महिने निघून जातात. भगताकडे गेलात तरी दवाखाना थांबवू नये. मारहाण, चटके, उपाशी ठेवणे असा प्रकार असेल तर तो गुन्हा आहे.

त्याऐवजी सोबत बसावे. ‘हल्ली तू पहिल्यासारखा दिसत नाहीस. काय होतंय?’ एवढे पुरे. उत्तर लगेच येणार नाही. शेतावर चालताना, चूल पेटवताना, शेजारी बसून काम करताना माणसे जास्त बोलतात.

‘जगून काय करायचं’, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’, ‘आता सुटका झाली तर बरं’ अशी वाक्ये ऐकू आली तर ती स्वभावाच्या खात्यात टाकू नका. ‘मरणाचे विचार येतात का?’ असे शांतपणे, सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट मनावरचे ओझे हलके होते. त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे घरात असतील तर कुलपात किंवा दुसऱ्याकडे ठेवा.

मदत कुठे मिळते?

सुरुवात गावातल्या आशाताई, उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करता येते. तिथून पुढे ग्रामीण रुग्णालय आणि नंदुरबारचे जिल्हा रुग्णालय. फोनवर बोलायचे असेल तर केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा आहे. क्रमांक १४४१६. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. सेवा मोफत आहे, २४ तास चालते आणि मराठीतही बोलता येते.

कायदाही भाषेची बाजू घेतो. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. उपचाराला संमती घेताना त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत आणि पद्धतीने माहिती दिली पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा डॉक्टरांचे बोलणे कळले नाही, तर ‘आमच्या भाषेत सांगा’ असे म्हणणे हा रुग्णाचा हक्क आहे. सोबत दुभाषाचे काम करणारा नातेवाईक न्यायला संकोच करू नये. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, असेच हा कायदा गृहीत धरतो. पोलिसांच्या भीतीने उपचार लपवण्याचे कारण नाही.

थोडक्यात लक्षात ठेवायचे काय?

स्वभावाला औषध नको. अबोल, हळवा, विचारी, लहरी माणूस आहे तसा चांगला आहे.

मनःस्थितीला वेळ द्या. खट्टू, खिन्न, कातर मन बहुधा काही दिवसांत सावरते.

दोन आठवडे झाले, झोप-जेवण-काम बिघडले, तर दवाखाना.

आणि घरातल्या कुणाबद्दल बोलताना जिभेवर ‘आहे’ येते की ‘झाला आहे’, याकडे कान द्या. ‘झाला आहे’ आले, तर पुढचा प्रश्न विचारायची वेळ आली आहे: कधीपासून?